‘परदेशी घेत नाही’ हे नेमकं कोणत्या कायद्यात लिहिलंय?

गेल्या अंकात परदेशी विद्यापीठांतल्या संशोधन-असिस्टंटशिपबद्दल लिहिलं होतं. त्यावर आलेल्या पत्रांत विमान आणि अवकाश अभियांत्रिकीवाल्यांची पत्रं सगळ्यात जास्त निघाली, म्हणून हा अंक त्यांचा. मी शिकले एरोस्पेस, नंतर कायदा. अमेरिकेतल्या एका विद्यापीठाच्या निर्यात-नियंत्रण कार्यालयात बरीच वर्षं काम केलं. कुठल्या विद्यार्थ्याला कुठल्या प्रयोगशाळेत बसता येईल, हे सांगणारं ते टेबल. त्यामुळे या पत्रांतली चिडचिड आणि धास्ती मला चांगलीच ओळखीची आहे.

प्रश्न : आम्ही ओझरजवळ राहतो. मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर झाली, आता एरोस्पेसमध्ये एमएस करायला अमेरिकेला निघाली आहे. घर तारण ठेवून कर्ज मंजूर झालंय. तिच्या कॉलेजचा एक सीनियर म्हणतो, ‘तिकडे रॉकेटच्या कंपन्या आपल्या लोकांना दारातसुद्धा उभं करत नाहीत.’ तिनं एक जाहिरात दाखवली, त्यात खरंच तसं लिहिलंय. अमेरिकेत भेदभावाविरुद्ध इतके कडक कायदे आहेत म्हणतात, मग हे चालतं कसं? तिनं जावं का?
— एक वडील, नाशिक जिल्हा

उत्तर : सीनियर सांगतो ते बरंचसं खरं आहे, पण त्यामागचं कारण त्याला नीट ठाऊक नाही. ते समजून घ्या, कारण मुलीनं कुठला विषय घ्यायचा हे त्यावरच ठरणार आहे.

अमेरिकेत १९७६ चा शस्त्रनिर्यात नियंत्रण कायदा आहे. त्याखालच्या नियमांना सगळे ‘इटार’ म्हणतात. रॉकेट म्हणजे क्षेपणास्त्राचं भावंड, त्यामुळे प्रक्षेपकांचं तंत्रज्ञान या नियमांच्या यादीत शस्त्रांच्याच रांगेत बसतं. ‘निर्यात’ म्हणजे फक्त बोटीवर चढवलेला माल नव्हे. कॅलिफोर्नियातल्याच एखाद्या खोलीत तुमच्या मुलीला टर्बोपंपाचं (रॉकेट इंजिनात इंधन ढकलणाऱ्या पंपाचं) ड्रॉइंग दाखवलं, तरी कायद्याच्या लेखी ती भारताला केलेली निर्यात होते आणि तिला परवाना लागतो. ज्यांना दाखवायला परवाना लागत नाही असे लोक म्हणजे अमेरिकी नागरिक, ग्रीन कार्डधारक, आणि ज्यांना तिथं निर्वासित म्हणून घेतलंय किंवा आश्रय दिलाय ते. त्यांचा जन्म कुठला, हे विचारलं जात नाही. सांगलीत जन्मलेला ग्रीन कार्डधारक त्या खोलीत बिनधास्त बसू शकतो. विद्यार्थी व्हिसावरची तुमची मुलगी बसू शकत नाही.

इटारमध्ये ‘परदेशी माणसाला नोकरी देऊ नका’ असं एकही वाक्य नाही. परवान्याशिवाय माहिती देऊ नका, एवढंच आहे. कंपनी अर्ज करून तुमच्या मुलीसाठी परवाना काढू शकते. पण त्याला महिने लागतात, वकील लागतात, आणि मिळालाच तर ‘अमुक भाग दाखवा, तमुक नको’ अशा अटींसकट मिळतो. नव्या पदवीधरासाठी एवढा खटाटोप फार थोड्या कंपन्या करतात. म्हणून जाहिरातीत सरसकट एक ओळ टाकून मोकळे होतात.

आता भेदभावाचं. १९६४ च्या नागरी हक्क कायद्यानं वंश, रंग, धर्म, लिंग आणि ‘राष्ट्रीय मूळ’ यांवरून नोकरी नाकारायला बंदी घातली. भारतीय असणं हे राष्ट्रीय मूळच नाही का, असं तुम्ही विचाराल. हाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे गेला होता, तोही एका शिवणकामाच्या नोकरीवरून. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोत सेसिलिया एस्पिनोझा नावाच्या बाईंनी फाराह कंपनीत शिलाईच्या कामासाठी अर्ज केला. त्या मेक्सिकोच्या नागरिक, पण कायदेशीर कायमच्या रहिवासी. कंपनी म्हणाली, आम्ही फक्त अमेरिकी नागरिक घेतो. कंपनीच्या त्या कारखान्यात जवळजवळ सगळे कामगार मेक्सिकन वंशाचेच होते! १९७३ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की नागरिकत्व पाहणं आणि राष्ट्रीय मूळ पाहणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्यामुळे कंपनीनं हा कायदा मोडलेला नाही. एकटे न्यायमूर्ती डग्लस विरोधात होते. त्या निकालाची सावली आज अवकाश कंपन्यांच्या जाहिरातींवर पडलेली आहे.

पुढे १९८६ मध्ये स्थलांतर कायद्यात दुरुस्ती झाली आणि नागरिकत्वाच्या दर्जावरून होणाऱ्या भेदभावालाही आळा बसला. पण संरक्षण कोणाला? नागरिक, ग्रीन कार्डधारक, निर्वासित, आश्रय मिळालेले. ही यादी आणि इटारची यादी जवळजवळ सारखीच आहे. विद्यार्थी व्हिसावरचे आणि एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरचे लोक दोन्ही याद्यांच्या बाहेर राहतात. म्हणून ‘परवाना लागणारे उमेदवार आम्ही घेत नाही’ असं कंपनी म्हणाली, तर तुमच्या मुलीला दाद मागायला जागा नाही. त्याच व्हिसावरचा ब्रिटिश मुलगा घेतला आणि ‘भारतीय नकोत’ म्हणाली, तर मात्र आहे.

तिनं जावं का? मला तिचा विषय सांगितला असतात तर बरं झालं असतं. डोक्यात फक्त रॉकेटचं इंजिन असेल आणि शिकल्याबरोबर तिथंच रॉकेट कंपनीत लागायचं असेल, तर या हिशेबावर घर तारण ठेवू नका. मी इतकं स्पष्ट लिहिते, कारण दुसऱ्या वर्षाच्या शेवटी हा नियम कळून हादरलेली मुलं मी समोर बसलेली पाहिली आहेत. त्यांच्या हुशारीत काहीच कमी नव्हतं. प्रवेशपत्राबरोबर ही एक गोष्ट त्यांना कोणी सांगितली नव्हती, आणि याचा मला अजून राग येतो.

पण एरोस्पेस म्हणजे फक्त रॉकेट नव्हे. प्रवाही गतिकी, संरचना, कंपनं, नियंत्रण प्रणाली, संमिश्र पदार्थ हे विषय पवनचक्की, मोटारी, सिम्युलेशन सॉफ्टवेअर, वैद्यकीय उपकरणं अशा सगळीकडे चालतात. प्रवासी विमानांचं बरंच तंत्रज्ञान वाणिज्य खात्याच्या दुसऱ्या, तुलनेनं सैल नियमांखाली येतं. तिथं अनेक कामांना भारतीय नागरिकासाठी परवाना लागतच नाही. अपवाद जेट इंजिनाच्या तापलेल्या भागाचा. टर्बाइनची पाती थंड कशी ठेवायची, एकस्फटिकी पातं कसं ओतायचं, हे तिथंही कडेकोट आहे. पदवीनंतर १२ महिने आणि विज्ञान-अभियांत्रिकीवाल्यांना आणखी २४ महिने काम करता येतं. कर्जाचे हप्ते त्या ३६ महिन्यांवर बेतलेले असतील, तर ते महिने कोणत्या उद्योगात जाणार हे आत्ताच ठरवायला हवं. आणि ‘नासात लागेन’ असं ती म्हणत असेल, तर नासाच्या सरकारी पदांना नागरिकत्वच लागतं. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारी नोकऱ्यांतली नागरिकत्वाची अट रद्द केली होती, पण त्याच वर्षी अध्यक्ष फोर्ड यांनी आदेश काढून ती परत आणली.

प्रश्न : मी अमेरिकेत पीएचडीच्या पहिल्या वर्षाला आहे. गाईडनी एका प्रकल्पावर असिस्टंटशिप देऊ केली होती. मग विद्यापीठाच्या एका कार्यालयानं पासपोर्टची प्रत मागवली, फॉर्म भरून घेतला, आणि आता सांगतायत की या प्रकल्पाच्या बैठकांना तुला बसता येणार नाही. माझ्या शेजारच्या टेबलावरचा मुलगा बसतो. लॅबमध्ये एका कपाटाला कुलूप लागलंय आणि दारावर कागद चिकटवलाय. मला चोर ठरवल्यासारखं वाटतंय. तक्रार करू का?
— संशोधक विद्यार्थिनी, मूळ गाव कऱ्हाड

उत्तर : तो कागद मी अनेक दारांवर स्वतः लावला आहे, म्हणून आधी त्याच्याबद्दल. त्याला तंत्रज्ञान नियंत्रण आराखडा म्हणतात. प्रकल्पात कोण आहे त्यांची नावं, कोणत्या संगणकावर फाइल ठेवायच्या, कपाटाची किल्ली कोणाकडे, पाहुणा आला तर फळा पुसायचा की झाकायचा, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. तुमच्यावर संशय आहे असा त्याचा अर्थ नाही. प्राध्यापकांनी पैसे घेताना एक अट मान्य केली आणि तिची किंमत तुमच्या खुर्चीनं मोजली, असा त्याचा अर्थ आहे. याबद्दल वाईट वाटणं अगदी साहजिक आहे.

विद्यापीठातलं संशोधन मुळात खुलं असतं. २१ सप्टेंबर १९८५ ला रेगन सरकारनं एक निर्देश काढला, एनएसडीडी-१८९. जे मूलभूत संशोधन उघडपणे प्रसिद्ध व्हायचं आहे, त्यावर शक्य तोवर बंधनं घालू नयेत, असं त्यात म्हटलंय. निर्यात नियमांतही हीच सूट आहे. वर्गात शिकवली जाणारी सर्वसाधारण तत्त्वंही नियमांच्या बाहेर. म्हणून तुम्ही कुठलाही कोर्स घेऊ शकता. पण पैसे देणाऱ्यानं ‘छापण्याआधी आमची मंजुरी घ्या’ किंवा ‘परदेशी माणूस नको’ अशी अट घातली आणि विद्यापीठानं ती स्वीकारली, की त्या प्रकल्पाची सूट गेली.

हे किती गंभीर आहे ते टेनेसी विद्यापीठाच्या प्रा. जे. रीस रॉथ यांच्या खटल्यावरून कळतं. ते प्लाझ्माचे, म्हणजे विद्युतभारित वायूचे, मोठे अभ्यासक. ड्रोनच्या पंखावरून जाणारी हवा प्लाझ्मानं वळवायची, असा हवाई दलाच्या पैशांचा प्रकल्प होता. त्यावर त्यांनी एका चिनी आणि एका इराणी विद्यार्थ्याला काम दिलं. विद्यापीठाच्या निर्यात-नियंत्रण अधिकाऱ्यांनी त्यांना सावध केलं होतं. हे अजून संशोधनच आहे, शस्त्र नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. २००८ मध्ये ज्यूरीनं त्यांना १८ आरोपांत दोषी ठरवलं, २००९ मध्ये चार वर्षांची शिक्षा झाली, आणि २०११ मध्ये अपील फेटाळलं गेलं. वयाच्या सत्तरीत हे प्राध्यापक तुरुंगात गेले. तेव्हापासून प्रत्येक विद्यापीठात आमच्या टेबलाचं वजन वाढलं, आणि खरं सांगायचं तर कुठं कुठं गरजेपेक्षा जास्तच वाढलं. खुला प्रकल्पसुद्धा भीतीपोटी बंद करणारे अधिकारी मी पाहिले आहेत.

तेव्हा तक्रारीआधी गाईडना आणि कार्यालयाला लेखी विचारा, की या करारात प्रसिद्धीवर किंवा माणसांवर बंधन घालणारं नेमकं कोणतं कलम आहे? कलम दाखवलं तर तुमची बाजू कायद्यात टिकणार नाही. कलमच नसेल, तर तुम्हाला बाहेर ठेवायला आधार उरत नाही, आणि ही गोष्ट विभागप्रमुखांपर्यंत न्यायलाच हवी. आणखी एक बारकावा. इटारमध्ये विद्यापीठाच्या पूर्णवेळ नियमित कर्मचाऱ्यांसाठी एक सूट आहे. काही देशांचे नागरिक वगळून परदेशी कर्मचाऱ्यालाही ती लागू होते. पण असिस्टंटशिपवरचा विद्यार्थी कर्मचारी म्हणून त्यात सहसा धरला जात नाही. पगारपत्रक तुमच्या नावावर निघतं, कर कापला जातो, काम तुम्ही दिवसरात्र करता, आणि या एका ठिकाणी मात्र तुम्ही ‘विद्यार्थी’ ठरता. मला हे पटत नाही. संशोधक विद्यार्थी हा कर्मचारी आहे की नाही, यावर तिथले कामगार कायदेवाले वर्षानुवर्षं भांडतायत. त्या भांडणात निर्यात नियमांचा हा कोपरा कोणी फारसा उजेडात आणत नाही.

जे अजून प्रवेश घेणार आहेत त्यांनी गाईड निवडताना एवढं करावं. त्या लॅबचे अलीकडचे शोधनिबंध उघडून लेखकांची नावं बघायची. भारतीय, इराणी, चिनी विद्यार्थी दिसत असतील तर लॅब बहुतेक खुली आहे. शेवटच्या आभाराच्या परिच्छेदात पैसे कोणी दिले ते असतं. तिथं ‘हवाई दल’ दिसलं म्हणून लगेच घाबरू नका, कारण हवाई दलाचं मूलभूत संशोधनाचं कार्यालय पूर्ण खुल्या कामालाही पैसे देतं. मग विद्यापीठाच्या ग्रंथालयात त्या लॅबचे प्रबंध शोधायचे. ते सगळ्यांना वाचायला मिळत असतील तर उत्तम. बरेचसे कुलूपबंद असतील, तर पहिल्याच मेलमध्ये विचारा, ‘माझ्या प्रबंधाचा विषय प्रसिद्धीच्या अटींपासून मुक्त असेल का?’ चांगला गाईड या प्रश्नानं चिडत नाही.

प्रश्न : मला ग्रीन कार्ड मिळून दोन वर्षं झाली. उपग्रहांच्या सुट्या भागांच्या एका कंपनीनं फोनवर ‘इटारमुळे फक्त नागरिक’ असं सांगितलं. माझा जन्म कुठला, तेही विचारलं. हे बरोबर आहे का?
— संरचना अभियंता, सॅन होजे

उत्तर : नाही. तुम्ही पहिल्या पत्रातल्या मुलीच्या जागी नाही आहात. इटारच्या व्याख्येत तुम्ही अमेरिकीच आहात, आणि १९८६ च्या दुरुस्तीचं संरक्षणही तुम्हाला आहे. इटारचं नाव पुढे करून ग्रीन कार्डवाल्याला नाकारणं बेकायदेशीर आहे. होंडा एअरक्राफ्ट कंपनीच्या जाहिरातींत अशाच अटी होत्या. २०१९ मध्ये न्याय खात्याशी तडजोड करून तिनं ४४,६२६ डॉलर दंड भरला. जनरल मोटर्सनं निर्यात तपासणीच्या नावाखाली ग्रीन कार्डवाल्यांकडे चालू परदेशी पासपोर्ट मागितले. २०२३ मध्ये ते प्रकरण ३,६५,००० डॉलरवर मिटलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये न्याय खात्यानं स्पेसएक्सवर निर्वासित आणि आश्रय मिळालेल्यांना डावलल्याचा खटला भरला. टेक्सासच्या न्यायालयानं त्या कारवाईला स्थगिती दिली आणि २०२५ च्या फेब्रुवारीत सरकारनंच खटला मागे घेतला. खटला मागे घेतला म्हणून कायदा बदललेला नाही.

अपवाद एक आहे. एखाद्या कायद्यानं किंवा सरकारी कंत्राटानं नागरिकत्व लागेल असं म्हटलं असेल, तर कंपनी तसं मागू शकते. गोपनीयतेची मंजुरी लागणारी कामं त्यात येतात. म्हणून एका ओळीचा मेल टाकून कोणतं कंत्राट, कोणतं कलम ते विचारा. पुष्कळदा तेवढ्यावरच सूर बदलतो. नाही बदलला, तर न्याय खात्याच्या स्थलांतरित व कर्मचारी हक्क विभागाकडे १८० दिवसांच्या आत तक्रार करावी लागते. तो फोन आला ती तारीख आजच लिहून ठेवा. जन्मस्थळाच्या प्रश्नाचीही नोंद करा. या तपासणीसाठी त्या माहितीची गरजच नसते, आणि तो प्रश्न राष्ट्रीय मुळाच्या भेदभावाकडे बोट दाखवतो.

एक सावधगिरी. नागरिकत्वाला पात्र झाल्यापासून सहा महिन्यांत अर्ज केला नाही, तर ग्रीन कार्डवाल्याचं हे संरक्षण जातं. कित्येक मराठी घरांत ‘भारताचा पासपोर्ट सोडायचा नाही’ म्हणून वर्षानुवर्षं अर्ज करत नाहीत. ती भावना मला समजते, पण त्याचा हा परिणाम माहीत असायला हवा.

प्रश्न : मी एलएलएमला आहे, भाऊ एरोस्पेसला. दोन्ही विषय जोडणारा प्रबंध करायची इच्छा आहे, पण सगळं वाचन अमेरिकेचंच सापडतं. भारतात काही आहे का?
— विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : भरपूर आहे, आणि फारसं कोणी हात लावलेला नाही. २०२० नंतर अवकाश क्षेत्र खासगी कंपन्यांना खुलं झालं. १८ नोव्हेंबर २०२२ ला स्कायरूटचं विक्रम-एस उडालं, ३० मे २०२४ ला अग्निकुलचं रॉकेट. आपल्याकडेही निर्यात नियंत्रणाची ‘स्कोमेट’ यादी आहे, तिचा पाचवा विभाग एरोस्पेसचाच. या कंपन्यांतली पोरं पंचविशीतली. उद्या एक जण राजीनामा देऊन समोरच्या कंपनीत गेला, तर त्याच्या डोक्यातल्या इंजिनाचं काय करायचं?

सुरुवात आपल्या कल्याणपासून करा. तिथल्या सेंच्युरीच्या कारखान्याला टायरच्या धाग्याचं तंत्र परदेशी कंपन्यांकडून मिळालं होतं, तेही गुप्तता पाळण्याच्या अटीवर. निरंजन शंकर गोलीकरी यांनी १९६३ मध्ये तिथं पाच वर्षांच्या करारावर शिफ्ट सुपरवायझर म्हणून नोकरी धरली. पुढच्याच वर्षी ते जास्त पगारावर राजस्थानातल्या कोटा शहरातल्या प्रतिस्पर्धी कंपनीत गेले. १९६७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं, कराराच्या मुदतीत ‘प्रतिस्पर्ध्याकडे जायचं नाही’ असं बंधन चालतं. मुदत संपल्यावरच्या बंधनाला १८७२ च्या करार कायद्याचं २७ वं कलम आड येतं. बाँडच्या, म्हणजे ठराविक काळ नोकरी न सोडण्याच्या हमीच्या बाबतीत मे २०२५ चा विजया बँक विरुद्ध प्रशांत नारनवरे हा निकालही वाचा. त्यात तीन वर्षांची सेवा किंवा दोन लाख रुपये ही अट टिकली. हे दोन निकाल आणि स्कोमेट शेजारी ठेवून बघा. नोकरी सोडायचं स्वातंत्र्य आणि देशाचं गुपित यांची सीमा नोकरीच्या करारात कोण आखतं, कंपनीचा वकील की सरकार? तुमचा प्रबंध इथंच आहे.

फक्त निकालांवर विसंबू नका. नेमणूकपत्रं मिळवा. भावाच्या सीनियरांकडून मागताना नाव, पगार, प्रकल्पाचं नाव झाकूनच प्रत द्या असं सांगा, आणि त्याआधी विभागाच्या संशोधन समितीची लेखी परवानगी घ्या. गुप्ततेचं कलम खुद्द नेमणूकपत्रालाही लागू आहे का, हे प्रत हातात घेण्यापूर्वी देणाऱ्याला तपासायला लावा, नाहीतर तुमच्या प्रबंधापायी त्याची नोकरी अडचणीत येईल. आराखडा तयार झाला की मासिकाच्या पत्त्यावर पाठवा, मी वाचून कळवते.